परवाना डुकराचा, नाव अस्वलाचं

आमच्या गावाला डुकरं मारायचा परवाना मिळाला होता, आणि त्या परवान्यावर एकही डुक्कर मेलं नाही. मुदत संपली, कागद तसाच राहिला. याचा दोष गाव अजून माझ्यावर टाकतं. बसथांब्याजवळच्या हॉटेलात चहाला गेलो की कोणीतरी बाकावर सरकून म्हणतं, "या, अस्वलवाले शेठ, बसा." मी अर्धा चहा टाकून उठतो. माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ते म्हणतात. पण त्या भानगडीत माझं काय गेलं, हे तिथे बसणाऱ्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही. त्यांचा मका गेला. माझा जागलीचा जोडीदार वावर सोडून गेला.

आमचं गाव अमडापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. डोंगरावर अभयारण्य आहे. माझा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबायचा. मी ते केलं नाही. मिसरूड फुटलं तेव्हापासून जानेफळपासून बीबीपर्यंत गावोगाव पायी फिरून बैल घेतले आणि बाजारात विकले. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला मला कोणी शिकवलं नाही. फसत गेलो आणि शिकलो. या धंद्याचा नियम असा की जे पाहिजे ते कधी मागायचं नाही. त्याच्या दुप्पट मागायचं, समोरच्याला ओढू द्यायचं, आणि पाहिजे तिथे आलं की नाराज तोंड करून 'बरं' म्हणायचं.

डोंगराच्या पायथ्याचं वावर मी असंच घेतलं. विकणाऱ्यासमोर बसून एकेका जनावराचं नाव काढलं. डुक्कर आहे, रोही म्हणजे नीलगाय आहे, माकड आहे, वरून अस्वल आहे. मग पीक माझं का त्यांचं? अस्वलाचं नाव काढल्यावर तो एकदम खाली आला. शेजारच्या वावराचा मालक तेव्हा धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभा राहून सगळं ऐकत होता. माझ्याच वयाचा, हडकुळा, आवाज मात्र भोंग्यासारखा. त्याचं वावर त्याच्या आज्यापासूनचं. सौदा झाल्यावर तो मला म्हणाला, "भाव पाडाले अस्वल वापरलं लेका. आता पोसजो त्याले."

हीच आमची ओळख. पुढची कितीतरी वर्षं आम्ही जोडीने जागल केली.

जागल म्हणजे पिकाची राखण. दिवस बुडताना वावरात जायचं, जेवणवेळेपर्यंत बसायचं, आणि परत तांबडं फुटायच्या आत यायचं. डुकरं या दोन वेळांना डोंगरावरून उतरतात. त्याचं मचाण त्याच्या मोहाच्या झाडावर, माझं कडुनिंबावर, मधे धुरा. डुकराचा स्वभाव असा की एका वावरातून हाकललं की ते शेजारच्या वावरात जाऊन उभं राहतं, आणि तुम्ही बसलात की परत येतं. म्हणून जागल एकट्याची होत नाही. तो ओरडला की मी डबा वाजवायचा, मी ओरडलो की त्याने. शेजारचं वावर रिकामं असलं तर तुमचं मचाण नुसतं शोभेचं.

पण डुकरं काही सगळा वेळ येत नाहीत. मधल्या वेळात आम्ही मचाणावरून मचाणावर बोलायचो, म्हणजे ओरडायचो.

"आज कोनाशी भांडून आला बे?"

"कोनाशीच नाही."

"मंग तब्येत बरी नाही काय तुही?"

सोयाबीनचा भाव, कोणाच्या पोरीला पाहुणे येऊन गेले, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं त्या अंधारत्या वावरांवरून इकडून तिकडे जायचं. एकदा धुऱ्यावरच्या बोरीची बोरं कोणाची यावरून आम्ही सबंध संध्याकाळ भांडलो. एकानेही मचाण सोडलं नाही, नुसता आवाज. दुसऱ्या दिवशी गावात म्हणाले, "यायच्या वावरात डुक्कर भेवानं येत नाही असं नाही, कटाळून येत नाही." हरभऱ्याच्या दिवसांत तो धुऱ्यावर काड्या पेटवून घाटे भाजायचा. हात काळे, तोंड काळं. त्याच्या घरून भाकरीबरोबर जवसाची चटणी यायची. ती भाकर मी त्याच्याआधी संपवायचो आणि तो वहिनींकडे माझी चुगली करायचा.

अस्वल आम्हाला नवं नव्हतं. उन्हाळ्यात मोहाखाली फुलं खायला यायचं, वारुळं उकरून जायचं. माझ्या जोडीदाराच्या बापाची एक शिकवण होती, ती त्याने मलाही दिली. अस्वलाला नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं. ते खाण्यात गुंग असलं की माणूस थेट अंगावर जाऊन पडतो. म्हणून वावरात शिरताना तोंड बंद ठेवायचं नाही. कोणी नसलं तर स्वतःशी बोलायचं, बैलाला शिव्या द्यायच्या, पण बोलत राहायचं. त्याला बोलायला सांगावं लागत नव्हतं. पहाटे तो मला आधी ऐकू यायचा, दिसायचा नंतर.

ज्या पहाटे अस्वलाने त्याला धरलं, त्या पहाटे त्याचा घसा बसलेला होता. आदल्या दिवशी त्याच्या तोंडून नुसती हवा निघत होती, आणि मी त्याला हसलो होतो. मका दुधात आला होता. तो मुकाट्याने वावरात शिरला, आत काहीतरी हललं, डुक्कर समजून त्याने ढेकूळ मारलं. मला जे ऐकू आलं ते त्याचं ओरडणं नव्हतंच, मक्याची धाटं मोडल्याचा आवाज होता. मी डबा बडवत धावलो. अस्वल डोंगराकडे निघून गेलं होतं. तो बसलेला होता आणि डोक्याची कातडी एका हाताने धरून होता, टोपी सरकू नये म्हणून धरावी तशी.

ट्रॅक्टरवर घालून आधी चिखलीला नेलं, तिथून बुलढाण्याला. वाचला. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली आणि डोक्याच्या एका बाजूला केस आले नाहीत. घरी आला, हसायला लागला, जेवायला लागला. वावरात मात्र आला नाही. मी रोज विचारायचो, तो म्हणायचा, "येतो, आंग भरू दे."

त्याच्या वावरात माणूस नाही हे डुकरांना आमच्याआधी कळलं. ती त्याच्या मक्यात राहायलाच आली. मी मचाणावर उभा राहून एकटा ओरडायचो आणि धुऱ्यापलीकडून धाटं मोडल्याचा आवाज ऐकायचो. असंच चाललं तर माझंही वावर पडीक पडणार होतं. पण खरं सांगायचं तर मला वावरापेक्षा तो मचाणावर परत पाहिजे होता. माझा हिशेब सरळ होता. दहा-वीस डुकरं पडली, बाकीची डोंगरावर गेली, चार लोक बंदूक घेऊन रानात फिरले की त्याला धीर येईल.

तेवढ्यात गावही पेटलं. अस्वलाला गोळी घाला, डुकरांचा परवाना द्या, असं ठरून आम्ही वनखात्याच्या कचेरीत गेलो. बोलायला मला पुढे केलं. वाटेत मी सगळ्यांना बजावलं, "मी अस्वल मांगतो. ते भेटत नाही, मले ठाऊक हाय. मॅडम नाही म्हनतीन, मी भांडीन, मंग डुकरावर येऊ. तवरोक तोंड कोनी उघडू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता त्यातल्या एकालाही हे आठवत नाही.

रेंजर मॅडम तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काका, अस्वलाला गोळी घालायची परवानगी मी देऊ शकत नाही. अगदी वरून आदेश लागतो, आणि तोसुद्धा जनावर पकडता येत नसेल तरच."

"म्हंजे मानसं मरू द्या."

"असं मी म्हटलं नाही. अस्वल किती वेळा दिसलं?"

त्या सालात ते दोनदा दिसलं होतं. एकदा जोडीदाराच्या अंगावर आलं ते, आणि एकदा मेंढपाळाला लांबून.

"रोज," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज येते. पिलं घेऊन येते."

"कुठल्या कुठल्या गटात?"

मी डोंगराला लागून असलेल्या वावरांचे सगळे गट नंबर धडाधड सांगितले. त्या लिहीत गेल्या. मग मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, मागच्या म्हाताऱ्यांनी ठरल्याप्रमाणे माझा दंड धरला, आणि मी खाली आलो. "बरं, ऱ्हाऊ द्या अस्वल. डुकराचं तरी द्या."

"डुकराचं देता येईल," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी बाहेरच्या टपरीवर सगळ्यांना चहा मी पाजला. आमच्यात एक मास्तर होते, मोबाइलवर जगभरचं वाचणारे. ते म्हणाले, "परदेशात अस्वलाचेसुद्धा परवाने देतात. अस्वलं जास्त झाली की सरकार मोजदाद करतं, इतकी मारा म्हणतं. आणि काही लोक असे आहेत, ते मुद्दाम परवाना घेतात आणि वापरतच नाहीत."

"काऊन?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तेवढंच एक अस्वल वाचतं ना."

"पैशे भरून?"

"भरून."

म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "आपल्या मॅडमले नको सांगजा." सगळे हसलो. बैल विकत घेऊन दावणीला बांधायचा आणि जुंपायचा नाही, असं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

परवाना आला. वनखात्याच्या गार्डने तो वाचून दाखवला आणि शेवटी अट वाचली. ज्या गटांत अस्वल नेहमी येतं तिथे बंदूक चालवायची नाही, कारण मक्यात हललं ते डुक्कर का अस्वल हे कळत नाही, आणि जखमी अस्वल मग माणसांवर येतं. मी सांगितलेले सगळे गट खाली लिहिलेले होते. उरली गावाजवळची, सडकेकडची कपाशीची वावरं, जिथे डुक्कर वाट चुकलं तरच येतं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अट चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण सौद्यात माणूस वाढवून बोलतो, हे समोरच्याने धरून चालायचं असतं. त्या बाईंनी माझा पहिला भाव तसाच लिहून घेतला. त्यांनी मला ओढायला पाहिजे होतं. 'रोज कसं येईल काका, आठ दिवसांतून एकदा म्हणा' एवढं म्हणाल्या असत्या तर मी दोनदावर आलो असतो. माझी तक्रार तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे.

तरी आम्ही हार मानली नाही. गावात परवान्याची एकच बंदूक, एका काकांची. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. याशिवाय तिचा प्रवास नव्हता. ठरलं असं, की दिवस कलल्यावर वरच्या मक्यातून हाका घालायचा, डुकरं खाली ढकलायची, आणि ती कपाशीत उतरली की काकांनी बार टाकायचा. अर्धं गाव डबे, ताटं, एक जण तर लग्नातला ताशा घेऊन वर गेला. मी काकांबरोबर कपाशीत बसलो.

डुकरं आली. पुढे एक काळा दांडगा नर, मागे कळप. मक्यातून बाहेर पडली आणि नेमकी धुऱ्यावर येऊन थांबली. वर बंदीचा गट, खाली परवान्याचा.

"मारा ना काका!"

"कोन्या गटात हाय ते?"

"धुऱ्यावर हाय."

"ते मले दिसते. धुरा कोनाचा?"

"माहा," वरच्या वावराचा मालक डबा हातात घेऊन ओरडला.

"तुहा कवापासून?" खालच्या वावराचा मालक उभा राहिला. "बंधारा माह्या बापानं टाकला."

मी दोघांनाही शिव्या घातल्या. वरच्याला म्हणालो, "अबे, धुरा त्याचा म्हन, म्हंजे डुक्कर त्याच्या गटात येते. एका बाराचं काम हाय."

"आज डुकरासाठी सोडला तं उद्या तो नांगर घालते तिथं," तो म्हणाला. "डुकरं दर साल येतीन. धुरा एकडाव गेला की गेला."

त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. दोघांची कॉलर धराधरी सुरू झाली, ताशावाला मजा पाहायला खाली पळत आला, आणि डुकरं माघारी फिरून सावकाश मक्यात गेली. काकांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. "तुमचा धुरा ठरला की बलवा मले," म्हणाले, आणि घरी गेले.

मग गावाने दुसरी युक्ती काढली. मॅडमना परत बोलवायचं, अस्वल आता येत नाही म्हणायचं, म्हणजे गट सुटतील. यात मला बोलू द्यायचं नाही असंही ठरलं. मॅडम आल्या. सगळे एका सुरात म्हणाले, "नाही मॅडम, कवाच गेलं ते." त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्यांना अस्वलाने जखमी केलं त्यांना भेटते."

तो ओसरीत बाजेवर बसला होता, डोक्याला रुमाल बांधून. अर्धं गाव अंगणात. मॅडमनी विचारलं, "अस्वल अजून येतं का हो तिकडे?"

"येते."

मागून कोणीतरी खाकरलं.

"कधी कधी?"

"रोज येते," तो म्हणाला.

झालं. गट सुटले नाहीत, मुदत संपली. गाव म्हणालं, दोघांनी मिळून केलं, जागलीचे जोडीदार ना. माझी मात्र त्या दिवशी छाती फुगली होती. अख्ख्या गावासमोर त्याने माझा शब्द पडू दिला नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी टोपलंभर सीताफळं घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

"काल माहा शब्द राखला बे तू."

"कोनता शब्द?"

"रोज येते म्हनला ना. मी कचेरीत तेच सांगतलं होतं."

"तू काय सांगतलं ते मले कोनी बोललं नाही." तो सीताफळ हातात फिरवत होता. "बाईनं इचारलं, मी सांगतलं. मले दिसते रोज."

"कुठी?"

"न्हानीत. तुराट्यायच्या गंजीमांगं. परवा बायको काळं लुगडं नेसून चुलीपाशी बसली होती वाकून, तं मी वरडलो. शेजारपाजारचे धावून आले." मग खाली पाहून म्हणाला, "मले भेव वाटते लेका. मी वावरात नाही येत आता."

मला राग आला. कोणावर ते आजही सांगता येणार नाही. मी बोलत सुटलो. तुझ्या मचाणावर मी येऊन बसतो. घरापासून तुला न्यायला येतो, परत आणून सोडतो. कुंपणाला झटका मशीन लावतो, तार माझी. पहाटेचा येऊ नको, संध्याकाळचाच ये. संध्याकाळी नको, तर नुसता दुपारी ये. मी एकेक पायरी उतरत गेलो आणि तो मान हलवत राहिला. बाजारात असा माणूस भेटला तर मी ओळखतो: त्याला भाव कमी वाटत नसतो, त्याला विकायचंच नसतं. त्या दिवशी मला ते ओळखायला फार वेळ लागला.

शेवटी तो म्हणाला, "पोरापाशी चाललो चिखलीले. वावर तू कर, बटईनं."

"निम्म्यावर," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"निम्म्यावर?" त्याने मान वर केली. "वावर माहं, इहीर माही, अन् निम्मं तुले?"

"डुकरं कोनाची? तीही तुहीच. त्यायचा हिस्सा कोन देते?"

"डुकरं तुह्या वावरातून येतात बे, माह्या नाही!"

दोघांचे आवाज इतके चढले की वहिनी पिठाचे हात घेऊन बाहेर धावल्या. त्यांना वाटलं मारामारी लागली. बटईवर भांडतोय हे कळल्यावर त्या उंबऱ्यावरच टेकल्या. म्हणाल्या, "भांडा भाऊजी, भांडा. लई दिवसानं ह्यांचा आवाज ऐकला."

आम्ही चुली पेटेपर्यंत भांडलो. शेवटी कितीवर तुटलं ते हॉटेलवाल्यांना कळण्याची गरज नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. त्याला अस्वलाने धरल्यापासून मी कधी एवढा खूश होऊन घरी गेलो नव्हतो, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं सामान टेम्पोत भरलं.

त्याचं आणि माझं, दोन्ही वावरात मी आता रब्बीला करडई पेरतो. करडई काटेरी, एकदा काटा धरला की डुक्कर तोंड घालत नाही, रोहीही बाजूने जातो. मका, भुईमूग, हरभरा सगळं बंद केलं. उतारा बरा आहे. मचाणं अजून झाडांवर आहेत, पण त्यांच्या फळ्या सुटायला लागल्या आहेत आणि मी त्या ठोकत नाही. अस्वल येतं, वारुळं उकरून जातं. रोज येत नाही.

या माघात तो आला होता, पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून, भर दुपारी. करडई पिवळी, केशरी फुलली होती. तो सडकेवरच थांबला. मी म्हटलं, "ये ना आत." तो म्हणाला, "इथूनच दिसते समदं." मग तिथूनच ओरडायला लागला. इतकं दाट पेरतात काय, पेरणीचे तास वाकडे गेले, बैलं इकता इकता आउत धरनं इसरला काय, त्या कोपऱ्यात तण कोण काढीन, तुहा बाप? मी धुऱ्यावरून उत्तरं दिली. पोरगा गाडीवर बसून मोबाइल पाहत होता, अधूनमधून आमच्याकडे बघून हसत होता.

ऊन थोडं कललं. त्याने डोंगराकडे पाहिलं, रुमाल सारखा केला आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "चाल बाप्पा," म्हणाला, "उजेडाउजेडानं निंगू." अजून दिवस बुडायला खूप वेळ होता.

गाडी फाट्याला लागेपर्यंत मी उभा होतो. मग मीही घरी निघालो. करडईला राखण लागत नाही.